मोकळ्या हवेची गाडी

यंदाही आर्णीच्या रस्त्यावरच्या बाभळींना कापूस लागला.

बाभळीला कापूस लागत नाही, हे पोरांना शिकवण्यात शाळेतली माझी सगळी नोकरी सरली. तरी हे वाक्य दर वर्षी माझ्या तोंडून निघतंच. दसरा सरतो, वेचणी जोरात येते, आणि कापसाने फुगलेल्या गाड्या जिनाकडे, म्हणजे सरकी काढायच्या कारखान्याकडे, निघाल्या की रस्त्याकडेच्या काट्यांना त्यातली थोडीथोडी रुई अडकून राहते. पूर्वी ती बैलबंडीच्या उंचीवर अडकायची, आता पिकअपच्या उंचीवर अडकते, एवढाच काय तो फरक. हंगाम सुरू झाला हे मला कॅलेंडर सांगत नाही. बाभळी पांढऱ्या झाल्या की माझ्या पाठीत, अगदी मधोमध, एक जागा जागी होते आणि होळीपर्यंत काही केल्या झोपत नाही.

हंगाम आयुष्यात पुष्कळ पाहिले. आठवतो एकच.

आम्ही तेव्हा यवतमाळात जिनाच्या मागच्या वस्तीत राहायचो. बाबा, माय, मोठा भाऊ आणि मी. भावाला मी दादा म्हणते, अजूनही. छप्पन साली आमच्या घरानं नागपूरला जाऊन दीक्षा घेतली होती, त्याला चार-पाच वर्षं झाली असतील. घरातले देव गेले होते, पण जिनाचा भोंगा होता तिथेच होता. सकाळी तो वाजला की सगळी वस्ती उठायची आणि संध्याकाळी तो वाजला की बायका चुली पेटवायच्या. बंड्यांची रांग जिनाच्या फाटकापासून पार नाक्यापर्यंत लागायची. बैलांच्या घंटा, शेणाचा धूर, कुणीतरी भाजत असलेल्या तुरीच्या शेंगा, आणि सगळ्यांवर ताज्या सरकीचा तो गरम, तेलकट वास. आम्ही पोरं सरकीच्या ढिगावर पाय खुपसून बसायचो. आत ऊब असायची. कुणी हाकललं की दुसऱ्या ढिगावर.

बाबा रेच्यावर होते. रेचा म्हणजे कापसातून सरकी वेगळी करायचं यंत्र. त्याच्या तोंडाशी उभं राहून दिवसभर कापूस सारत राहायचा. उडालेली रुई भुवयांवर, पापण्यांवर, कानाच्या पाळीवर बसायची. बाबा घरी यायचे तेव्हा म्हातारे असायचे आणि अंगावर पाणी घेतलं की तरुण व्हायचे. मला ती रोजची जादू वाटे. मी मुद्दाम न्हाणीच्या दगडापाशी उभी राहून म्हाताऱ्याचा बाप होताना बघत असे. त्या हंगामात मात्र एक दिवस असा आला की बाबांनी डोक्यावर बादलीभर पाणी ओतलं, अंग पुसलं, आणि ते म्हातारेच राहिले.

खोकला त्याआधीपासून होता. जिनातल्या कुणाला नव्हता? पण आता बाबा चार पावलं चालले की भिंतीला हात लावून थांबायचे. छातीतून बारीक शिट्टीसारखा आवाज यायचा. दादा त्यांना सरकारी दवाखान्यात घेऊन गेला. डॉक्टर चांगला माणूस होता. त्याने छातीला नळी लावून बराच वेळ ऐकलं आणि दादाला बाजूला घेऊन सांगितलं की औषध देतो, पण खरं औषध माझ्याकडे नाही. यांचं जिन बंद करा आणि यांना मोकळी हवा द्या.

मोकळी हवा द्या. या तीन शब्दांनी आमच्या घरात काय काय केलं ते त्या डॉक्टरला शेवटपर्यंत पुरतं कळलं नसेल. मायने घराचं दार दिवसभर उघडं ठेवायला सुरुवात केली, तर जिनातली रुई सरळ घरात. मग तिने दार बंद केलं आणि मागची फळी काढली, तर तिथून सांडपाण्याचा वास. बाबा हसायचे. हसले की खोकला यायचा, म्हणून माय त्यांना हसू द्यायची नाही. दादा मात्र गप्प होता. तो मोटर स्टँडजवळच्या गॅरेजात मेकॅनिक होता आणि गप्प बसला की त्याच्या डोक्यात काहीतरी खोललं जात असे.

जिनाच्या जुन्या गोदामात एक गाडी पडून होती. इंग्रजांच्या वेळी कापूस खरेदीला आलेल्या एका साहेबाची. साहेब गेला, गाडी राहिली. विलायती, दोन सीटांची, शर्यतीत पळवतात तसली. बसकी, लांब नाकाची, सायकलसारखी तारांची चाकं, बॉनेटवर घोड्याच्या तंगासारखा चामड्याचा पट्टा. आणि तिला छप्पर नव्हतं. जे काही कापडाचं होतं ते उंदरांनी कधीच खाल्लं होतं. नव्या सेठला ती नको होती. तिच्यात ना माल मावतो, ना कुटुंब. तिचे भाग मिळत नाहीत. दादानं सेठला सांगितलं, हंगामभर तुमच्या ट्रकांचं काम मी करून देतो, मला ही गाडी द्या. सेठला हा सौदा इतका स्वस्त वाटला म्हणे, की त्याने दादाला चहा पाजला.

डॉक्टर म्हणाला मोकळी हवा द्या, म्हणून माझ्या भावाने बापाला छप्पर नसलेली गाडी घेऊन दिली. आजही कुणाला सांगितलं तर लोक हसतात. मीही हसते. हसून झालं की मात्र कुठेतरी तोंड लपवून रडावंसं वाटतं, कारण असं औषध आणून देणारं माणूस मला पुन्हा भेटलं नाही.

गाडी दुरुस्त करायला त्याला दिवाळी उलटून गेली. कुठला भाग ट्रकचा, कुठला पाण्याच्या पंपाचा, कुठला लोहाराकडून ठोकून आणलेला. सीटांचं कातडं उसवलं होतं. माय म्हणाली, आण इकडे, कापूस भरून शिवून देते, कापसाला काय तोटा. दादा एकदम ओरडला की कापूस नको. मग स्वतःच कुठून तरी नारळाचा काथ्या घेऊन आला आणि तो भरून सीटा शिवल्या. त्या सीटा फार टोचायच्या. बाबा त्यावर बसून कधी काही बोलले नाहीत.

पहिल्यांदा गाडी दारात आली तेव्हा सगळी वस्ती जमली. बाबा तिच्याभोवती एक चक्कर मारून आले, तारांच्या चाकावरून हात फिरवला आणि विचारलं, "इच्यात माल कुठं भरतेत?"

"माल तुमीच, बाबा," दादा म्हणाला. "तुमच्यासाठीच घेतली."

बाबा दुसऱ्यांदा गाडीभोवती फिरून आले. जन्मभर माल भरलेल्या माणसाला हे समजायला वेळ लागत असावा. माय मात्र तोंडाची फटकळ. दोघांचीच गाडी कायले आणली, म्हणाली, बाकीच्यांनी काय पायदळ यावं? घराचं छप्पर गळतं ते राहिलं आणि पोरानं गाडीही बिनछपराची आणली. नारळ फोडायला शेजारची म्हातारी पुढे झाली, तर दादाने हात जोडून तिला थांबवलं. आपण आता ते करत नाही, म्हणाला. म्हातारी म्हणाली, मग गाडीला कळणार कसं की ती तुझी झाली?

पोरांनी त्याच दिवशी गाडीचं नाव ठेवलं, बोडकी. डोक्यावर काही नाही म्हणून बोडकी. माय हे ऐकून दगड घेऊन पोरांच्या मागे धावली. आमच्या लोकांत विधवेचं डोकं कधी कुणी भादरलं नाही, पण त्या शब्दाचा दुसरा अर्थ तिच्या कानाला पुरता ठाऊक होता. तिच्यासमोर कुणी गाडीला बोडकी म्हणायचं नाही, असा वस्तीत नियमच झाला. तिच्यामागे सगळे बोडकीच म्हणायचे. मीसुद्धा.

गाडी झाली, पण हवा कुठे होती? यवतमाळ सोडून कुठल्याही बाजूला जा, हंगामात कापूस आहेच. पुसदच्या रस्त्याला गेलो, बंड्यांमागे बंड्या. दुसरीकडे गेलो, तिथे शेतात वेचणी. बाबा नाकाने ओळखायचे. कापूस आला, म्हणायचे, आणि तोंडावरचा ओला फडका घट्ट करायचे. शेवटी त्यांनीच सांगितलं की आपल्या गावाकडे ने. आर्णीच्या रस्त्यावरून आत, डोंगराच्या पायथ्याशी बाबांचं गाव. तिथे आमची आत्या राहायची, बाबांची धाकटी बहीण. जमीन बरड, ज्वारीशिवाय काही पिकत नाही, मागे सागाचं रान. आत्याच्या अंगणात निंबाखाली बाजेवर पडलं की छाती आपोआप उघडते, असं बाबा म्हणाले. मग ठरलं. दर आयतवारी, दादाच्या रविवारच्या सुट्टीला, गाव.

गाडीत दोन सीटा. एकीवर दादा, एकीवर बाबा. मी तेव्हा बारा-तेरा वर्षांची, हाडकुळी. सीटांच्या मागे सामान ठेवायची एक अरुंद खाच होती, तिच्यात पोतं टाकून मी बसायचे. पुढे तोंड करून पाय मावत नसत, म्हणून मागे तोंड. माझी पाठ बाबांच्या सीटच्या पाठीला. दादाला समोरून येणारं सगळं दिसायचं आणि मला गेलेलं. बंडी मला दिसायची ती मागे पडल्यावर, झाड दिसायचं ते सुटल्यावर. माझा स्वभावच पुढे तसा झाला, असं आता वाटतं. कुठलीही गोष्ट मला ती निघून गेल्यावरच नीट दिसते.

बाबांचा खोकला सीटमधून माझ्या पाठीत यायचा. आवाज वाऱ्यात उडून जाई, पण धक्का यायचा. किती जोराचा, किती खोलातून, हे माझ्या पाठीला त्यांच्या छातीइतकंच कळू लागलं होतं. रान लागलं की धक्के कमी व्हायचे. मग बाबांना हुरूप यायचा आणि ते मान न वळवता मला विचारायचे, "मांगं काय दिसते वं?"

मी सांगायचे, बंडी गेली. बाबा म्हणायचे, जाऊ दे. बगळा गेला. जाऊ दे. पळसाचं झाड गेलं. जाऊ दे. असा आमचा खेळ चालायचा. दादा म्हणायचा, इंजिनाचा आवाज ऐकू द्या. बाबा दाराबाहेर हात काढून पंजा उघडा धरायचे आणि वारा बोटांतून जाऊ द्यायचे. एकदा मी वळून पाहिलं, तर ते डोळे मिटून हसत होते आणि खोकला आला नाही. आयुष्यात एवढंच मागावं आणि गप्प बसावं, असा तो क्षण होता. मी गप्प बसले नाही. घरी येऊन मायला सांगितलं आणि ती गाडी आल्यापासून पहिल्यांदाच गाडीबद्दल चांगलं बोलली.

पण हे सगळं वाटेवरचं. गाव आलं की दुसरंच काही व्हायचं.

आमची वस्ती गावाच्या पलीकडच्या टोकाला. आत्याकडे जायचं तर वेशीतून आत शिरून, मारुतीच्या पाराजवळून, पाटलांच्या ओट्यासमोरून जावं लागे. पहिल्या आयतवारी गाडी वेशीपाशी आली आणि बाबा म्हणाले, थांबव. दादाला वाटलं, खोकला आला. त्याने गाडी थांबवली. बाबांनी दार उघडलं, खाली उतरले, डोक्याचा फडका काढून खांद्यावर टाकला, आणि गाडीच्या दाराला एक हात लावून चालू लागले.

दादाला आधी कळेचना. मग कळलं. बाबा लहान असताना आमच्या माणसाने बंडीत बसून गावातून जायचं नाही, अशी रीत होती. वेशीवर उतरायचं, बैलांच्या बाजूने चालायचं, पाटलांचा ओटा मागे पडला की मग पुन्हा चढायचं. आता तसं कुणी म्हणत नव्हतं. काळ बदलला होता, कायदा बदलला होता, आमचा धर्मसुद्धा बदलला होता. ओट्यावर बसलेल्या म्हाताऱ्या पाटलांनी स्वतः बाबांना हाक मारून सांगितलं की बस ना रे, उतरतं कायले, ते दिवस गेले आता. बाबांनी त्यांच्याकडे बघून मान हलवली आणि चालतच राहिले. चार पावलं चालायचे, थांबायचे, खोकायचे, पुन्हा चार पावलं. बाजूने दादा रिकाम्या सीटची गाडी माणसाच्या चालीनं हाकत होता आणि त्या चालीची सवय नसलेलं शर्यतीचं इंजिन तापून वाफ सोडत होतं. पोरं टाळ्या पिटत होती. मी मागे बसून हे सगळं उलटं बघत होते, म्हणजे बाबा मला दिसतच नव्हते. दिसत होती ती मागची हसरी तोंडं.

त्या दिवशी आत्याच्या अंगणात दादा बापावर चिडला. तो बापावर कधी चिडत नसे. म्हणाला, "आपुन दीक्षा घेतली ना, बाबा? मंग उतरता कायले?"

बाबा बाजेवर पडले होते. श्वास जागेवर आल्यावर म्हणाले, "दीक्षा म्या मनानं घेतली रे. पाय जुनेच हायेत. वेस आली का ते आपल्या मनानं उतरतेत."

आत्या अंबाडीची भाजी वाढत होती. तिचा हात तसाच थांबला. मला त्या वयात वाक्य कळलं नव्हतं, आत्याचा थांबलेला हात कळला होता. पुढे शाळेत, वर्गात मान खाली घालून बसणारं एखादं पोर दिसलं की मला ते पाय आठवायचे. धर्म बदलायला एक दिवस पुरतो. पाय बदलायला किती लागतात, हे कुठल्या पुस्तकात मला सापडलं नाही.

तेव्हापासून दादाचं हवेवरचं लक्ष उडालं. त्याला एकच हवं होतं. बाबांनी एकदा, फक्त एकदा, त्या गाडीत बसून आपल्या गावातून जायचं. दर आयतवारी तो काहीतरी करून बघायचा. एकदा वेशीपाशी वेग वाढवला, तर बाबांनी शांतपणे हँडब्रेकवर हात ठेवला. एकदा बाबांना बोलण्यात गुंतवलं. बोलणं अर्ध्यावर टाकून बाबा उतरले. गावाबाहेरून एक पांदण होती, तिने सरळ वस्तीत जाता आलं असतं, आणि आत्या तेच सुचवायची. दादा म्हणायचा, चोरासारखं मागून कायले न्यायचं? खरं तर बसकी गाडी पांदणीत पहिल्याच चाकोरीला टेकली असती, पण हे कारण त्याने कधी सांगितलं नाही. गावात म्हण पडली होती, घोडा दारी अन् धनी पायी. दादाच्या कानावर ती आली की त्याचा जबडा आवळला जायचा.

मला तेव्हा दादाचा राग यायचा. आजारी माणसाला हवं तसं करू द्यावं, एवढं याला कळू नये का? आता वाटतं की तो जिद्दीने लढत होता ते बापाशी नाहीच. बापाच्या आत कुणीतरी दुसरं बसलं होतं, फार जुनं, आणि तो त्याला गाडीतून उतरवायला बघत होता.

होळी जवळ आली. पळस फुलला होता, रानातून मोहाचा वास यायचा. हंगाम सरत आला की जिनातले लोक मोकळा श्वास घ्यायला लागतात. बाबांचा मात्र त्या दिवसांत अगदी आखडून गेला होता. माय म्हणाली, या आयतवारी नको. बाबाच म्हणाले की चाल, गावले जाऊ. मायने त्यांना चादरीत गुंडाळून दिलं. दारातून हात हलवायची तिची पद्धत नव्हती. ती गाडीकडे बघत नुसती उभी राहिली.

वाटेत बाबांनी मला विचारलं, मांगं काय दिसते. आवाज बारीक होता, तरी विचारलं. मी सांगत गेले. बंडी गेली. जाऊ दे. टेकडी गेली. जाऊ दे. पाठीत अधूनमधून एखादा हलका धक्का. गावाच्या अलीकडे एक नाला लागतो, त्यात त्या दिवसांत टाचभर पाणी. दादाने गाडी हळू केली, पाणी ओलांडून आम्ही चढाला लागलो. मी म्हटलं, "नाला गेला, बाबा."

जाऊ दे, असं बाबा म्हणाले नाहीत.

पाठीत धक्काही आला नाही. मी वाट पाहिली. पुन्हा म्हटलं, नाला गेला. मग मला बरं वाटलं. हे मी खरं सांगते, मला फार बरं वाटलं. खोकला थांबला, बाबांना झोप लागली, गावाची हवा मानवली. मी माझी पाठ त्यांच्या सीटला आणखी टेकवली, त्यांना आधार म्हणून.

वेशीपाशी दादा नेहमीसारखा थांबला. इंजिन चालू. तो बाबांच्या उतरण्याची वाट बघत होता. दार उघडलं नाही. थोडा वेळ गेला. मग गियर पडल्याचा आवाज आला आणि गाडी वेशीतून आत शिरली. माझ्यासमोरून वेस मागे गेली, मारुतीचा पार गेला, पारावरची माणसं गेली. कुणी टाळ्या पिटत नव्हतं. वेशीच्या आत आल्याबरोबर माझ्या पाठीत एक धक्का बसला. एकच. खोकल्याचा नव्हता, खोकल्याचा मला ठाऊक होता. एखादा माणूस सरळ होऊन बसला की सीटला लागतो तसा. नाहीतर चाक खड्ड्यातून गेलं की लागतो तसा. मग पाटलांचा ओटा माझ्यासमोर आला, आणि म्हातारे पाटील ओट्यावर उभे होते. बसलेले नव्हते. कमरेत वाकलेला तो माणूस काठी टेकून उभा राहिला होता आणि आमच्या गाडीकडे बघत होता.

आत्या पाय धुवायला पाण्याचा लोटा घेऊन अंगणात आली. दादाचं तोंड उजळलं होतं. तो काही सांगणार, तेवढ्यात आत्या बाबांच्या बाजूला आली, जरा वाकली, आणि म्हणाली, "भाऊ, उतर ना. आता त उतर."

लोट्यातलं पाणी तिने गाडीच्या दारापाशीच ओतलं. किती वेळ ओतत होती.

बाबांना आम्ही तिथेच, डोंगराच्या पायथ्याशी, मातीत ठेवलं. मायला आणायला ट्रक गेला. ती आली, सगळं आटोपलं, आणि वस्तीतली माणसं अंगणात बसली असताना तिची नजर निंबाखाली उभ्या असलेल्या गाडीवर गेली. मग कुणालाच उद्देशून नाही, असंच म्हणाली, "आता म्हणा तिले बोडकी."

त्यानंतर तिच्यासमोर किंवा तिच्यामागे, कुणीच कधी तो शब्द उच्चारला नाही.

गाडी दादाने परत आणलीच नाही. ती आत्याच्या निंबाखाली राहिली. कोंबड्यांनी सीटांत अंडी घातली, पोरांनी तारा उपसून नेल्या, एका पावसाळ्यात लांब नाकातून वेल वर आला. कधीतरी भंगारवाला घेऊन गेला. दादाने पुढे स्वतःचं गॅरेज काढलं, मुलं शिकवली. आणि आयुष्यभर, लग्नात, जयंतीला, गॅरेजात आलेल्या कुठल्याही गिऱ्हाइकाला, तो एक गोष्ट सांगत आला. माझे बाबा शेवटच्या दिवशी गाडीतून उतरले नाहीत. ताठ बसून गावातून गेले. खुद्द पाटील उभे राहिले. मग गेले. या क्रमाने तो सांगतो. ही गोष्ट ऐकून माणसांचे डोळे भरतात. माझेही भरायचे, पण मला नाला आठवायचा. पाटील कशासाठी उभे राहिले, हे त्यांनी कुणाला सांगितलं नाही आणि त्यांना विचारायची छाती आमच्यात कुणाची झाली नाही. ते समोरून बघत होते. त्यांना बाबांचं तोंड दिसलं होतं.

परवा दादा म्हणाला, गावाला जाऊन येऊ. त्याचा नातू गाडी चालवत होता, मोठी, बंद काचांची, आत गार हवा. दादा पुढे, मी मागे. आता मागे बसूनही पुढेच तोंड असतं. दोन्ही बाजूंच्या बाभळी पांढऱ्या होत्या. दादाने नातवाला गोष्ट सांगायला घेतली आणि अर्ध्यावर गप्प झाला. नाल्यावर आता पूल आहे. पूल ओलांडला आणि मला राहवलं नाही. मी म्हटलं, "नाला गेला, दादा."

तो काही बोलला नाही. त्याचं डोकं खिडकीकडे कललेलं होतं. मी पुढे वाकून त्याच्या खांद्यावर हात ठेवला, दाबला, हलवला. तो दचकून जागा झाला आणि म्हणाला, काय झालं. मी म्हटलं, काही नाही. हात मात्र तिथेच राहू दिला.

वेस आता नाही. तिथे एक कमान आहे. तिच्या अलीकडे दादाने गाडी थांबवायला लावली आणि समोर बघतच मला विचारलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. "सुमे, तू मांगं होतीस. तुह्या पाठीले काई समजलं का?"

म्हणजे नाल्यापाशी काय झालं ते त्यालाही ठाऊक होतं. इतकी वर्षं, प्रत्येक लग्नात, प्रत्येक जयंतीला, ते ठाऊक असूनच तो सांगत होता.

मी म्हटलं, "धक्का लागलता मले. वेशीच्या आत आल्यावर."

"खड्डा असंन," तो म्हणाला.

"तिथं खड्डा नव्हता, दादा. दर आयतवारी मांगचा रस्ता मीच पाहत होती ना. ताठ झालते बाबा."

दादाने खिडकीची काच खाली केली. बाहेरची हवा आत आली, धुळीची, आता इथवरही आलेल्या सरकीच्या वासाची. नातू म्हणाला, आजोबा, एसी चालू आहे. दादाने हात बाहेर काढला आणि पंजा उघडा धरला. गाडी कमानीतून आत शिरली.

त्या रस्त्यावर तेव्हा खड्ड्यांशिवाय काही नव्हतं.